नसलेल्या बँकेचा ना-हरकत दाखला

आपलेच पैसे आपल्याच दुकानातून बाहेर काढायला किती दिवस लागावेत? नागसेन वालदे यांचा अंदाज होता पंधरा. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने असा अंदाज बांधावा, हे नवलच म्हणायचं. लोकांच्या फायली 'त्रुटींची पूर्तता करावी' असा शेरा मारून परत पाठवण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला तरी कळायला हवं होतं. पण निवृत्त माणसाची मोठी पंचाईत असते. टेबलामागे बसायची सवय सुटलेली असते आणि टेबलासमोर उभं राहायची अजून लागलेली नसते.

दुकान धंतोलीत होतं. दवाखान्यांच्या दाटीत एका चार मजली इमारतीचा तळमजला, दोनशे दहा चौरस फूट. तीन वर्षांपूर्वी निवृत्तीचा पैसा हातात आला आणि वालद्यांनी ते अडतीस लाखांना घेतलं. त्यातले सव्वीस लाख त्यांचे, बारा लाख बायकोचे. माया सरकारी दवाखान्यात सिस्टर होती आणि त्याच वर्षी निवृत्त झाली होती. "तुझे बारा वर्षभरात काढून देतो," असं वालदे तेव्हा म्हणाले होते. कुठून काढून देणार याचा विचार त्यांनी केला नव्हता, पण वाक्य इतकं ठाम होतं की मायाने चेकवर सही केली.

वर्षाची तीन वर्षं झाली. मायाने विषय काढला नाही. ती भांडली असती तर वालद्यांना बरं पडलं असतं, कारण भांडणात त्यांची तयारी चांगली होती. पण ती महिन्याच्या महिन्याला चष्मेवाल्याच्या भाड्याची नोंद पाहायची आणि गप्प राहायची. तिचं हे गप्प राहणं वालद्यांना जेवताना घासागणिक लागायचं.

जुलै महिन्यात एके दिवशी पोळ्या लाटता लाटता ती बोलली. दुकानामागच्या गल्लीत एक खोली रिकामी होत होती. ऑपरेशन झालेली माणसं टाके घेऊन दवाखान्याबाहेर पडतात, कोणी वणीचं, कोणी गडचिरोलीचं. एक दिवसाआड ड्रेसिंग करा म्हणून कागदावर लिहिलेलं असतं. ते करायचं कुठे, हे कागदावर नसतं. मायाला तिथे शुश्रूषा केंद्र काढायचं होतं. दोन पलंग, लागणारं सामान, हाताखाली दोन शिकलेल्या मुली. खोलीवाला विजयादशमीपर्यंत थांबायला तयार होता.

"मले माझे बारा पाहिजे," ती म्हणाली. "त्या दिवशी सुरू करीन म्हणते."

त्या घरात विजयादशमीचं महत्त्व कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. वालदे 'होईल' म्हणाले.

आता पैसे काढायचे म्हणजे दुकान विकायचं, एवढंच त्यांना सुचलं. पण वालद्यांचं घर मानेवाड्याच्या एका लेआउटमध्ये होतं आणि शेजारी दत्तोपंत राहत होते, त्यामुळे गोष्ट एवढी सोपी राहणं शक्य नव्हतं. दत्तोपंतांनी आयुष्यात एक रुपयाचं कर्ज काढलेलं नव्हतं. त्यामुळे कर्जाबाबतचा त्यांचा सल्ला अनुभवाने कुठेही बिघडलेला नव्हता. सोन्यासारखी जागा विकू नका, तिच्यावर कर्ज उचला, असं त्यांनी सांगितलं. हप्ता भाड्यातून परस्पर जातो, दुकानही राहतं आणि आत अडकलेला पैसाही मोकळा होतो. "मोठे लोक असंच करून राहिले, वालदेजी," ते म्हणाले. "तुम्ही अजून पगारदार माणसासारखा विचार करता." वालद्यांना हे लागलं. तीन वर्षांपासून स्वतःला ते मालमत्ताधारक समजत होते.

त्यांचं खातं तीस वर्षांपासून कन्हान व्यापारी बँकेत होतं. खरं म्हणजे ती बँक आता नव्हती. चार वर्षांपूर्वी ती उत्तुंग बँकेत विलीन झाली, पाटी बदलली, शिपाईसुद्धा बदलला. पण वालद्यांच्या घरी, दत्तोपंतांच्या घरी आणि चौकातल्या ऑटोवाल्यांच्या तोंडी ती कन्हान बँकच राहिली होती. तिच्या धंतोलीच्या शाखेत नूपुर नावाच्या तरुण मॅडम कर्जाचं पाहत. वालदे त्यांच्यासमोर फाईल घेऊन बसले. फाईल म्हणजे काय, बत्तीस वर्षांच्या साधनेचं फळ. पानांवर क्रमांक, कडेला रंगीत चिठ्ठ्या, वर अनुक्रमणिका. मॅडमनी ती कौतुकाने हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "सर, हे सगळं मोबाईलवर पाठवून द्या ना."

मग मूल्यांकन करणारे आले. त्यांनी दुकान मोजलं, भिंती ठोकून पाहिल्या आणि वर पाहून विचारलं, हा पोटमाळा नकाशात आहे का. नव्हता. तो स्वानंदने बांधला होता. स्वानंद म्हणजे दुकानातला चष्मेवाला, चांगला मुलगा, भाडं एक तारखेच्या आत. चष्म्यांचे सगळे खोके तो त्या पोटमाळ्यावर ठेवत असे. अनधिकृत बांधकाम म्हणून तो पाडावा लागला. चार दिवस स्वानंद खोक्यांच्या ढिगात उभा राहून गिऱ्हाइकांचे नंबर तपासत होता. त्या महिन्याचं भाडं मात्र पाच तारखेला आलं.

पुढे बँकेला जामीनदार लागला. जामीनदार घरचा, सरकारी पेन्शनवाला असेल तर उत्तम, असं मॅडम म्हणाल्या. असा माणूस वालद्यांच्या घरात एकच होता.

"म्हणजे माझे पैसे मले वापस द्यासाठी मीच जामीन राहू?" मायाने विचारलं.

ती पद्धत असते, असं वालदे म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत हजारदा म्हटलं होतं, पण घरात म्हणायची ही पहिलीच वेळ होती. मायाने ओले हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि अकरा ठिकाणी सह्या केल्या. प्रत्येक पान तिने आधी वाचलं. तीन वर्षांपूर्वी चेकवर सही करताना तिला वाचायला काहीच दिलेलं नव्हतं, हे वालद्यांना त्या वेळी पहिल्यांदा आठवलं.

सप्टेंबर उजाडला. कर्ज तत्त्वतः मंजूर झालं, म्हणजे झालं नाही. एक शेवटची बाब राहिली होती. गहाण मालमत्तेवर तसा फलक रंगवायचा आणि त्याचा फोटो बुटीबोरीच्या कार्यालयात पाठवायचा. व्यापारी जागांवरची कर्जं तिकडून सुटत असत. बँकेची माणसं पाहणीला येण्याआधी फलक लावून ठेवला तर आठ दिवस वाचतील, असं मॅडम सहज बोलून गेल्या.

आठ दिवस वाचवायचे म्हणून वालद्यांनी त्या संध्याकाळीच मसुदा करायला घेतला. तीन कच्चे मसुदे झाले. चौथा पक्का ठरला: 'ही मालमत्ता कन्हान व्यापारी बँकेकडे गहाण आहे. तिचा कोणताही व्यवहार केल्यास तो बेकायदेशीर समजला जाईल. हुकुमावरून.' 'हुकुमावरून' हा शब्द लिहिताना त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा बरं वाटलं. तीस वर्षांचं नाव हाताच्या सवयीने कागदावर उतरलं आणि ते वाचताना त्यांना, दत्तोपंतांना, कोणालाच काही खटकलं नाही. दत्तोपंतांनी फक्त 'समजला जाईल'च्या जागी 'समजण्यात येईल' सुचवलं, ते वालद्यांनी मान्य केलं.

महाल भागातला प्रीतम पेंटर चौरस फुटावर पैसे घेत असे, म्हणून त्याने अक्षर मोठं असावं असा आग्रह धरला. लहान अक्षर बँकेच्या फोटोत येत नाही, असं त्याने स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं. शटरच्या बाजूची पूर्ण भिंत त्याने पिवळी केली आणि वर लाल अक्षरं काढली. समोरच्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर सलाईन लावून पडलेला पेशंटही ती वाचू शकत होता.

धंतोलीत अख्खा विदर्भ येतो. वालद्यांचे नातेवाईकही तिथेच दाखवायला येतात. दोन दिवसांत बातमी भंडाऱ्यापर्यंत गेली की नागसेन बुडाला. मायाची बहीण सरिता गोळाभाताचा डबा घेऊन आली, हळू आवाजात बोलली आणि जाताना टीव्हीखाली एक पाकीट ठेवून गेली. त्यात पाच हजार रुपये होते. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी शेअर बाजाराचा विषय वालद्यांसमोर काढायचा नाही असं ठरवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. ज्याची पेन्शनची केस वालद्यांनी एके काळी अडवून ठेवली होती, त्या जुन्या सहकाऱ्याने आवर्जून फोन करून धीर दिला. तो धीर सगळ्यात जास्त झोंबला.

वालदे सगळ्यांना समजावून सांगत होते की दुकान गहाण आहे असं लिहिलेलं असलं तरी अजून गहाण नाही, गहाण पडण्याच्या मार्गावर आहे. ऐकणारे मान हलवत आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवत. काही दिवसांनी त्यांनी सांगणं सोडून दिलं.

पाहणीला बुटीबोरीहून एक साहेब आले. ते गाडीतून उतरले, भिंतीकडे पाहिलं, मोबाईलमध्ये फोटो काढला आणि आत न येताच परत गेले. चार दिवसांनी अहवाल आला. सदर मालमत्ता अगोदरच अन्य बँकेकडे, म्हणजे कन्हान व्यापारी बँकेकडे, गहाण असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. अर्जदाराने ही बाब दडवली. कन्हान बँकेचा ना-हरकत दाखला आणल्याखेरीज पुढील कार्यवाही शक्य नाही.

वालद्यांनी अहवाल दोनदा वाचला. मग ते नूपुर मॅडमकडे गेले आणि शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, की मॅडम, कन्हान बँक म्हणजे तुम्हीच ना.

"सर, मला समजून राहिलं," मॅडम म्हणाल्या. "पण सिस्टमला नाही समजून राहिलं."

सिस्टममध्ये कन्हान बँक हे नावच उरलेलं नव्हतं. जी बँक नाही तिला हरकत आहे की नाही हे विचारायचं कोणाला, हा प्रश्न शाखेतून वर गेला आणि वरून परत शाखेत आला. दत्तोपंतांनी साधा उपाय सुचवला: भिंतीवर चुना मारा, प्रश्न मिटला. वालद्यांनी मारला. दुसऱ्या पाहणीच्या वेळी साहेबांनी आधीचा फोटो आणि समोरची पांढरी भिंत ताडून पाहिली आणि शेरा लिहिला, की अर्जदाराने बँकेच्या बोज्याची नोंद हेतुपुरस्सर पुसून टाकली. एवढा वाईट शेरा वालद्यांनी बत्तीस वर्षांत कोणाच्या फायलीवर मारलेला नव्हता.

त्यानंतर ते सहा वेळा बुटीबोरीला गेले. बसमध्ये कारखान्यांच्या पाळीवर निघालेली पोरं असायची, त्यांच्यात हे फाईल मांडीवर घेऊन बसायचे. बँकेच्या पंख्याखाली वाट पाहताना कधी कधी त्यांचा डोळा लागायचा. एकदा जाग आली तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली होती आणि शिपायाने त्यांच्या डोक्यावरचा पंखासुद्धा बंद केलेला होता. त्यांना राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात काही शिल्लक लागतं. घरी माया फक्त 'जेवता ना?' एवढंच विचारायची, आणि त्या प्रश्नाला होय म्हणताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

शेवटी तिथल्या मॅनेजरला त्यांची दया आली. उत्तुंग बँकेने उत्तुंग बँकेला, पूर्वाश्रमीच्या कन्हान बँकेतर्फे, स्वतःला स्वतःची हरकत नसल्याचं कळवायचं असं ठरलं. मॅनेजरला मसुदा जमेना, तेव्हा वालद्यांनीच तो सांगितला आणि मॅनेजरने टाईप केला. मग ते पत्र दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर न्यायला टपालाचे सहा दिवस लागले असते, म्हणून तेही वालद्यांनीच नेऊन पोच घेतली. विजयादशमीला तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ते पत्राची प्रत घेऊन धंतोलीच्या शाखेत आले. नूपुर मॅडमना मनापासून आनंद झाला. त्यांनी चहा मागवला, संगणकावर एकेक रकाना भरत गेल्या आणि भाडेकरूच्या रकान्यापाशी थांबल्या.

"सर, चष्म्याचं दुकान आहे ना अजून?"

नव्हतं. पोटमाळा गेल्यावर स्वानंदने दम धरला होता, पण भिंतीवरची लाल अक्षरं वाचून त्याच्या व्यापाऱ्यांनी उधारीवर माल देणं थांबवलं. पाहणीवाले दुसऱ्यांदा येऊन गेले त्या संध्याकाळी तो वालद्यांच्या पाया पडला. "काका, तुमच्यावर भरवसा आहे मले," तो म्हणाला. "पण शटरले सील लागलं तं आतल्या मालाचं मी काय करू?" आणि महिनाअखेर तो रस्त्याच्या पलीकडे गेला.

मॅडमनी पेन खाली ठेवला. सरांच्या वयाला कर्ज पेन्शनवर बसत नव्हतं, भाड्यावरच बसत होतं. भाडं नाही म्हणजे हप्त्याची सोय नाही. नवा भाडेकरू आणा, नोंदणीकृत करार करा, मग पुन्हा पाहणी होईल, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा स्वतःचाच आवाज पडला होता. वालद्यांनी चहा संपवला, आभार मानले आणि फाईल काखेत घेऊन उन्हात बाहेर आले.

घरी माया दिवाणावर बसून फोनवर कोणाशी तरी बोलत होती. ती थांबेपर्यंत वालदे दारातच उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं, पोटमाळ्यापासून भाडेकरूपर्यंत, काही न लपवता. "नाही निघत पैसे," ते म्हणाले. "निदान परवापर्यंत तं नाही."

"मले माहीत आहे," माया म्हणाली. "खोलीवाल्याले मी कालच नाही सांगून टाकलं."

"काहून?"

"दोन महिन्यांपासून तुमचं तोंड पाहून राहिली ना मी." ती उठली आणि हात पुढे केला. "चाबी द्या."

"कशाची?"

"दुकानाची. पैसा बाहेर नाही निघून राहिला ना? मग मीच आत जाते."

भाडं बुडेल, महिन्याला बावीस हजार, असं वालद्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी तिथेच अडवलं. त्याऐवजी ते खुर्चीवर बसले, फाईल जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "दुकान घेतलं तेव्हा मी तुले विचारलं नव्हतं, माया. नुसतं सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाले हे कधी सुचते, त्याचीच वाट पाहून राहिली होती मी. तीन वर्षं झाली."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच वालद्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चाबी दिली.

दोन पलंग, एक पडदा आणि कात्र्या-चिमटे उकळायचं भांडं एवढं तिच्या पेन्शनीत झालं. दोन मुलींच्या जागी सध्या एकच ठेवली. विजयादशमीच्या आदल्या दिवशी नूपुर मॅडमचा फोन आला. नवीन मार्ग सापडला होता: मायामॅडमनीच भाडेकरार केला तर कर्ज बसू शकतं, फक्त भाडेकरू आणि जामीनदार एकच चालत नाही, तेव्हा दुसरा जामीनदार पाहा. वालद्यांनी नीट ऐकून घेतलं. मग नको म्हणून सांगितलं आणि मॅडमना केंद्राच्या उद्घाटनाला बोलावलं.

विजयादशमीला दोघं पहाटेच दीक्षाभूमीवर जाऊन आली आणि नऊला शटर उघडलं. आत पलंगांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मायाने नवऱ्याला स्टूल देऊन बाहेर बसवलं. दहाच्या सुमारास वणीकडचा एक माणूस आईला धरून आणत होता. म्हातारीच्या पोटावर टाके होते आणि मुलाच्या हातात दवाखान्याचा कागद. तो वालद्यांपुढे थांबला.

"भाऊ, हे दुकान तुमचं होय काय?"

तीन वर्षांत हा प्रश्न वालद्यांना खूप जणांनी विचारला होता आणि प्रत्येक वेळी त्यांनी छाती पुढे काढून एकच उत्तर दिलं होतं. आताही तोंड त्याच उत्तरासाठी उघडलं. आतून मायाचा आवाज आला, ती हाताखालच्या मुलीला हात धुऊन यायला सांगत होती.

"नाही," वालदे म्हणाले. "आतमध्ये बाई आहेत ना, त्यांचं होय."

आणि ते उठून उभे राहिले, म्हातारीला टेकायला स्टूल दिलं, आणि शटर तिच्या डोक्याला लागू नये म्हणून हाताने वर धरून ठेवलं.